चार दिवसांसाठीच तर येतात!



निर्वाणलाडू झाला, दिवाळीचे डबे तळाला गेले, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली. आता बस्तीतून बाहेर पडताना पायऱ्यांवर एकच विषय असतो. नाताळच्या सुट्टीत कुणाची मुलं कधी येणार, किती दिवस राहणार, त्यांच्यासाठी काय काय करायचं. एक म्हणते, मी आत्तापासून भाजणी करून ठेवतेय. दुसरी म्हणते, आमच्या सूनबाईंना सहाच्या आत जेवण जात नाही, मग मी नऊला पुन्हा गॅस पेटवते. तिसरीचे गुडघे गेलेत, तरी ती म्हणते, करायचं गं, इलाज नाही. आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच: "चार दिवसांसाठीच तर येतात!"

आजचं लिहिणं या वाक्याच्या विरुद्ध आहे. मीही ते वर्षानुवर्षं म्हणत आले. गेल्या हिवाळ्यात त्याची किंमत कळली, म्हणून लिहिते. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल रागवावं, फक्त शेवटपर्यंत वाचून रागवावं.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. आमचं जुनं घर शिरोळ तालुक्यात, कृष्णेकाठच्या गावात. २००५ च्या पुरात पाणी उंबऱ्यापाशी येऊन थांबलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते माळ्याला टेकलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा घरात शिरलं, तेव्हा मात्र आम्ही हात टेकले. जयसिंगपुरात उंचावर प्लॉट घेतला, बांधलं, आणि गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश केला. शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावानं वसवलेलं हे गाव, सरळ आखलेल्या गल्ल्या, चालत जाता येईल एवढ्यावर बस्ती, जवळ स्टेशन. तक्रारीला जागा नाही.

पण नवं घर काय असतं ते पहिल्या हिवाळ्यात कळतं. जुन्या घरात ऊन कधी कुठे येतं ते अंगाला ठाऊक होतं. इथे मी डिसेंबरात शोधत होते. शेवटी लक्षात आलं की दक्षिणेकडच्या खिडकीत दहापासून तीनपर्यंत छान ऊन असतं, आणि तिथेच आम्ही कपाट ठेवलंय! फरशी पहाटे पायाला चावते. ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळे रात्रभर रस्त्यावरून ट्रॉल्या जातात, गाणी लावून. पाण्याचंही तसंच. जुन्या घरी परसात आड होता, पाणी गाळलं की जिवाणी परत आडात सोडायची सवय. इथे नळ आणि टाकी. गाळण्याचं फडकं हातात धरून मी पहिले काही दिवस नुसती उभी राहायची.

हे मी दोनशे पंचवीस दिवस सोसून थोडंफार शिकले होते. मुलं मात्र या घरात कधी राहिलेलीच नव्हती. त्यांना या घरातलं काहीच माहीत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुण्याहून मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू येणार. बंगळूरहून लेक येणार. नव्या घरातली पहिली सुट्टी. मी नोव्हेंबरपासूनच पदर खोचला. पुरात आमच्या सगळ्या वाकळा गेल्या, एकच वाचली, म्हणून पाच नव्या रजया आणल्या. वरच्या बाथरूमला गीझर बसवून घेतला. खपली कांडून आणली, कारण हुग्गीशिवाय आमची सुट्टी होत नाही. शेंगदाण्याचे लाडू, भाजणी, चकल्या, दोन तऱ्हेच्या चटण्या. माझ्याच हातचा हा सगळा पसारा बघून मला फार बरं वाटायचं.

मग आले आठ दिवस. पाचला उठायचं, पाणी गाळायचं. सकाळी बस्तीत जायचं ते "आजच्या दिवस राहू दे" म्हणत आठही दिवस राहिलं. साडेसातला नातवाचं दूध, आठला यांचा नाश्ता, दहाला उशिरा उठणाऱ्यांचा नाश्ता. तो पुन्हा गरम, कारण गार पोहे मुलांना चालतात, मलाच चालत नाहीत. एकला जेवण. चारला लगेच संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायचं, कारण डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास मावळतो. जूनअखेर सातनंतर मावळतो. म्हणजे उन्हाळ्यापेक्षा तासभर आधी ताट वाढायला हवं. साडेपाचला आम्ही दोघं जेवायचो. मुलांचा तेव्हा नुकताच चहा झालेला, भूक नाही. मग नऊला त्यांच्यासाठी पुन्हा गॅस. अकराला ओटा पुसून मी आडवी व्हायची. संध्याकाळचं सामायिक आठ दिवसांत एकदाही झालं नाही. रात्री जेवायचं नाही हे व्रत मी कित्येक वर्षं पाळते, आणि त्याच मी रात्री नऊला उभी राहून पोळ्या लाटत होते. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींचा हिशोब मी व्याख्यानात दहादा ऐकलाय. ओट्यापाशी तो आठवला नाही.

आणखी एक कबूल करते. आमच्या घरात कंदमुळं येत नाहीत. मी नातवासाठी बटाट्याचे वेफर्स आणले आणि यांना कळू नये म्हणून रव्याच्या डब्यामागे लपवले. हे मला नंतर म्हणाले, "डबा पुढे का सरकलाय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." साठीच्या बाईनं नवऱ्यापासून वेफर्स लपवायचे! कशासाठी? चार दिवसांसाठीच तर येतात म्हणून.

आता मुख्य गोष्ट. लेकीला विचारून लिहिते आहे.

त्या आठ दिवसांत ती तीनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पहिल्यांदा मी म्हटलं, "तू बस बाहेर, मी आहे ना." दुसऱ्यांदा चकल्या तळत होते, म्हटलं, "थांब गं, एवढा घाणा काढते." तिसऱ्यांदा ती नुसती फ्रिजला टेकून उभी राहिली, आणि मी तिच्या हातात लाडवाची बशी देऊन तिला बाहेर पाठवलं. आठव्या रात्री आम्ही तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी यायला वेळ होता. बाकावर बसलो. ती म्हणाली, "आई, आठ दिवसांत तू पहिल्यांदा माझ्याशेजारी बसलीस." मी हसले. म्हटलं, पुढच्या वेळी बसू. गाडी आली.

संक्रांतीनंतर तिचा फोन आला. तिची नोकरी ऑक्टोबरातच गेली होती. दोन महिने ती एकटीच त्या शहरात, साठवलेल्या पैशांवर, रोज नवा अर्ज लिहीत काढत होती. सांगायला घरी आली होती. सांगायला जागा मिळाली नाही, कारण सगळ्या जागेत मी चकल्या मांडून ठेवल्या होत्या.

त्या दिवसापासून ते वाक्य मी तोंडातून काढलेलं नाही.

आता जे वाद घालायचे ते घालते.

पहिलं म्हणजे, आपण म्हणतो आपण मुलांसाठी करतो. मग मुलांना विचारा, तुम्हाला काय हवं. गृहप्रवेशाचा मुहूर्त आम्ही अक्षय्य तृतीयेचा धरला, तो काय नुसता सोनं घ्यायचा दिवस म्हणून? आपल्याला लहानपणापासून सांगितलेली गोष्ट आहे. आदिनाथ भगवान आहारासाठी निघाले, आणि लोकांना कळेचना काय द्यावं. कुणी रत्नं पुढे केली, कुणी हत्ती-घोडे, कुणी आपल्या लेकी. प्रेम सगळ्यांचं होतं, भक्तीही होती. पण आहाराविना त्यांचा वर्षाहून अधिक काळ गेला. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांस राजानं उसाचा रस ओंजळीत दिला आणि पारणं झालं. दान म्हणजे समोरच्याची गरज ओळखणं, हे आपण दरवर्षी ऐकतो आणि उसाचा रस पिऊन घरी येतो. ऊस तर आपल्या दारासमोरून रात्रभर जातो. आणि मुलं आली की आपण हत्ती-घोडे बाहेर काढतो. माझ्या लेकीला अर्धा तास हवा होता. मी तिला लाडू दिला.

दुसरं, पाहुणचार करूनच आपण मुलांना पाहुणे करतो. जुन्या घरात माझ्या मुलाला काडेपेटी कुठे आहे ते अंधारात सापडायचं. या घरात तो तिसऱ्या दिवशीही विचारत होता, "आई, मीठ कुठंय?" आणि मी काय करायची? "तू बस, मी देते." का? त्याला तो डबा सापडू दिला असता तर त्या घरातली एक वस्तू त्याची झाली असती. आमच्या नातवानं मात्र बरोबर केलं. नव्या रजया सोडून त्यानं कपाटातून ती पुरातून वाचलेली वाकळ शोधून काढली आणि आठही रात्री तीच घेऊन झोपला. तिच्यात त्याच्या बापाच्या शाळेच्या सदऱ्याचा तुकडा आहे, हे त्यानंच मला दाखवलं. जुनं घर पाण्यानं नेलं. नवं घर मुलांचं व्हायचं असेल तर ते त्यांच्या हाताखालून जायला हवं. ते झाडावं, पुसावं, त्याचा नळ गळतो कुठून हे त्यांना माहीत असावं. सोफ्यावर बसून कुणाचं घर होत नाही. तसं होत असतं तर लॉजही घर झालं असतं.

तिसरं, सुनेचं. यावर आपण बायकाच बोलत नाही. "तू बस" हे आपण मुलाला आणि सुनेला, दोघांना म्हणतो. मुलगा बसतो, मोबाईल काढतो. सून बसू शकत नाही. ती उठते, ओट्याशी येते, "आई, काही करू का?" विचारते, आपण "नको गं" म्हणतो, ती पुन्हा जाते, पुन्हा येते. सुट्टीभर तिच्या या फेऱ्या चालतात. तिला कामही मिळत नाही आणि आरामही मिळत नाही. आणि ती खरंच बसली, की बस्तीच्या पायऱ्यांवर आपणच सांगतो, "आमची बसून असते हो." मैत्रिणींनो, हे मी स्वतः सांगितलेलं आहे. म्हणून दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच विचारते: आधी काम लपवायचं आणि मग केलं नाही म्हणून बोलायचं, याला आपल्या धर्मात काय म्हणतात? माया म्हणतात. आणि "मी एकटीनं एवढ्या जणांचं केलं" हे सांगताना छाती जी फुगते, तो मान. चार कषायांपैकी दोन तर आपण ओट्यावरच शिजवतो, आणि त्याला आईचं प्रेम असं नाव देतो.

चौथा मुद्दा सगळ्यात नाजूक. रात्रीच्या जेवणाचा. इथे मला दोन्हीकडून ऐकावं लागतं. एक बाजू म्हणते, "काकू, फार ताणू नका, सुट्टीत थोडं सोडायचं, नाहीतर मुलं धर्मालाच कंटाळतात." दुसरी बाजू म्हणते, "मुलांना जैन म्हणून वाढवलं आणि आता घरात रात्री ताटं वाजतात? कडक राहा, एक वेळ उपाशी झोपू देत."

मला दोघींचंही पटत नाही.

पहिलीला माझं उत्तर असं: नियम माझा आहे. तो मी कुणासाठी सोडला तर तो कधी नियम नव्हताच, सोय होती. मुलांना धर्माचा कंटाळा येतो तो आईनं नियम पाळल्यामुळे नाही. आई नियम पाळते, मग त्यांच्यासाठी मोडते, आणि मोडल्याचं दुःख चेहऱ्यावर घेऊन वावरते, त्याचा येतो. तो चेहरा मी आठ दिवस घेऊन हिंडले. मुलाला नऊ वाजताच्या गरम पोळीबरोबर तो चेहराही वाढत होते.

दुसरीला उत्तर असं: समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. एकेक पायरी चढत जायची. सहावी रात्रिभुक्तित्यागाची, ती आपल्याला पाठ. दहावी कुठली? अनुमतित्याग. संसाराच्या कामात हे करा, ते करू नका, असा सल्ला आणि संमती देणंच सोडून द्यायचं. मुलांना सहाव्या पायरीवर ओढायला आपण केवढ्या तत्पर, आणि दहावीकडे मान वर करूनही बघत नाही. मी दहाव्या प्रतिमेची नाही, लांबूनही नाही. पण चाळिशीकडे निघालेल्या मुलानं किती वाजता जेवावं याचा हिशोब माझ्या वहीत नाही, एवढं तरी मला त्यातून कळायला हवं.

म्हणून या वर्षी आमच्या घरी असं ठरलंय. स्वयंपाकघर सूर्यास्ताला बंद. साडेपाचला सगळ्यांचं ताट एकदम. ज्याला तेव्हा जेवायचं नाही त्यानं जेवू नये. नंतर भूक लागली तर फळं आहेत, डब्यात लाडू आहेत, तो मोठा माणूस आहे, त्याचं तो बघेल. मी वाढणार नाही, आणि टोमणाही मारणार नाही. टोमणा न मारणं मला जास्त जड जाणार आहे, हे माझं मला माहीत आहे.

आणि गंमत बघा. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो म्हणून आपण कुरकुरतो. सहाला ओटा आवरला, की झोपेपर्यंत चार तास उरतात. पाऊणेक तास सामायिकाचा काढला तरी तीन तासांहून जास्त. शाल घेऊन बसायचं, बोलायचं. गेल्या वर्षी हे तास आठ वेळा माझ्या हातात आले होते आणि आठही वेळा मी ते गॅसवर ठेवले. मुलं चार दिवसांसाठी येतात हे खरंच आहे की! म्हणून तर ते दिवस पोळ्या लाटण्यात घालवायचे नसतात.

पाचवं, व्रताचंच बोलायचं तर आपल्या बारा व्रतांतलं शेवटचं अतिथिसंविभाग. मुख्यतः ते मुनी-त्यागींच्या आहाराविषयी आहे, मला माहीत आहे. पण त्या शब्दात "विभाग" आहे, वाटणी आहे. मुनिमहाराजांसाठी खास म्हणून बनवलेलं अन्न ते घेत नाहीत. श्रावकानं स्वतःसाठी शुद्ध रांधलेलं असतं, त्यातला वाटा द्यायचा असतो. एवढ्या थोर अतिथीला घरात जे आहे त्यातलं द्यायचं, आणि पोटच्या पोरांसाठी मात्र चौदा डबे? घरात भाकरी, पावट्याची उसळ, ताक असेल तर तेच मुलांच्या पानात पडू दे. त्यांना घरचं खायचं असतं ना, मग घरी रोज जे होतं ते घरचं.

आता तुमचे आक्षेप. मला फोनवर आलेत ते सांगते.

"वर्षभर राबतात बिचारी, घरी तरी विसावा नको?" हवा की. पण दक्षिणेच्या खिडकीतल्या उन्हात बसून हरभऱ्याचे डहाळे सोलणं याला मी काम म्हणत नाही. (कपाट हलवलंय बरं का.) मटार सोलताना, मेथी निवडताना, अळी बघताना डोळे खाली असतात आणि तोंड मोकळं असतं. समोरासमोर बसून जे सांगता येत नाही ते भाजी निवडताना सांगता येतं. आपल्या आयांनी, मावश्यांनी आयुष्यातली सगळी मोठी दुःखं एकमेकींना निवडणटिपण करतानाच सांगितली. मी माझ्या लेकीच्या हातून ती परात काढून घेतली होती.

"कामाला लावलं तर येणारच नाहीत." ज्या घरात आई आठ दिवस उभी असते आणि नवव्या दिवशी आजारी पडते, तिथे यायला मुलांना तरी कुठे बरं वाटतं? गेल्या वर्षी मुलं गेल्यावर मी पाच दिवस अंथरुणात होते. सुनेला ते यांच्याकडून कळलं. ती म्हणाली, "आई, आम्ही आलो की तुम्ही आजारी पडता. उन्हाळ्यात येऊ की नको?" म्हणजे माझ्या पाहुणचारानंच मुलांचं येणं कमी होण्याची वेळ आली होती.

"आपण नाही का सासू-सासऱ्यांचं, दिरांचं सगळं केलं?" केलं. आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडलोही. ते कुणाला सांगितलं नाही एवढंच. आपण जे सोसलं ते पुढच्या पिढीला त्याच मापानं मोजून द्यायचं कारण नाही, आणि म्हातारपणी स्वतःलाही पुन्हा द्यायचं नाही.

"जावयासमोर कसं दिसतं?" याला माझ्याकडे अनुभवाचं उत्तर नाही, कारण मला अजून जावई नाही. आले की त्यांनाही परात देईन आणि काय झालं ते इथे लिहीन.

एक मात्र सांगते, तयारी करूच नका असं मी म्हणत नाही. हिवाळा तर श्रावकाच्या घरावर फार दयाळू असतो. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, आणि हिवाळ्यात सात. एकदा दळून आणलं की आठवड्याची ददात नाही. रोज चक्कीवर पळायला नको. ज्या ऋतूनं एवढी सवड दिलीय तिथे आपणच कामं का वाढवून ठेवायची? या वर्षी मी एक दळण, एक हुग्गी, आणि एकच लाडवांचा डबा एवढंच धरलंय. चकल्या नाहीत. चकल्यांवर माझा राग आहे, तो समजून घ्या.

गेल्या रविवारी मी घरच्या ग्रुपवर निरोप टाकला. यांच्याकडून आधी वाचून घेतला, ते म्हणाले, फार कडक लिहिलंयस, पण टाक. निरोप असा:

"मुलांनो, या. रजया माळ्यावर आहेत, आपापल्या काढून घ्यायच्या. मीठ गॅसच्या उजवीकडच्या दुसऱ्या खणात. सकाळचं पाणी गाळायचं काम बाबांकडे, त्यांच्या हाताखाली नातू. भाजी निवडायला सगळे. ताटं साडेपाचला. त्यानंतर मी स्वयंपाकघरात सापडणार नाही, बाहेरच्या खोलीत असेन. ज्याला जे सांगायचं असेल ते सांगायला या."

मुलानं नुसता अंगठा दाखवला. त्याचा स्वभावच तो. सुनेनं लिहिलं, "आई, पोळ्या आम्ही दोघं करू. गोल झाल्या नाहीत तर हसायचं नाही." नातवाचा आवाज आला, वाकळ माळ्यावर ठेवू नका, खालीच ठेवा म्हणून.

लेकीनं दोन दिवस काही लिहिलं नाही. तिला फेब्रुवारीत दुसरी नोकरी लागली, पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, पण ती बरी आहे. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, या वेळी सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही गं. नुसती बसले तर चालेल ना?"

चालेल म्हटलं.

तर मैत्रिणींनो, तुमची मुलं कधी येताहेत ते कळवा, आणि माझं कुठे चुकतंय तेही कळवा. फोन करायचा असेल तर सहानंतर करा. मी मोकळी असते.